पहिल्या पाटीवर कोणतं साल आहे? कॅनडाच्या प्रेअरीतली गावोगावची म्युझियम्स

आज आपण जरा लांब जाणार आहोत. इतकं लांब, की तिथे हिवाळ्यात गाड्यांच्या बॉनेटमधून प्लगची एक वायर बाहेर लोंबत असते. रात्री ती भिंतीवरच्या सॉकेटला लावायची, नाहीतर सकाळी इंजिन हूं की चूं करत नाही. ही गाडी इलेक्ट्रिक नाही बरं का, साधी पेट्रोलचीच. फक्त इंजिन गोठू नये म्हणून हा खटाटोप.

मी शिकायला म्हणून दोन वर्षं सास्काटूनला होते. घरी फोन केला की एक प्रश्न ठरलेला: "नायगारा पाहिलास का गं?" आता नायगारा सास्काटूनहून अडीच-तीन हजार किलोमीटरवर. आमच्या आसपास काय होतं? सपाट जमीन, गव्हाची आणि कॅनोलाची शेतं, आणि अर्धा दिवस गाडी चालवली तरी न बदलणारं क्षितिज. ही प्रेअरी. मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांच्या दक्षिण भागात पसरलेलं गवताळ माळरान. पाहायला काही नाही असं तिथलेच लोक सांगतात. पण एक गोष्ट तिथे जिकडेतिकडे आहे: म्युझियम.

मोठी, शहरातली म्युझियम्स म्हणत नाहीये मी. दोनशे-तीनशे वस्तीचं गाव, एक पेट्रोल पंप, एक चर्च, आणि बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात किंवा जुन्या शाळेत गावाचं स्वतःचं संग्रहालय. सस्कॅचेवानची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत ११ लाख ३२ हजार होती, म्हणजे साधारण आपल्या हिंगोली जिल्ह्याएवढी. आणि म्युझियम्स? दोनशेहून जास्त. आता हिंगोली जिल्ह्यात दोनशे संग्रहालयं आहेत अशी कल्पना करून बघा.

बरीचशी फक्त मे ते सप्टेंबर उघडी. दारावर कागद चिकटवलेला असतो: बंद असेल तर अमुक नंबरवर फोन करा. फोन केला की दहा मिनिटांत पिकअप ट्रकमधून एखादे ऐंशीच्या घरातले आजोबा किल्ल्या वाजवत येतात, दिवे लावतात आणि तासभर तुमच्याबरोबर फिरतात. तिकीट नसतं, काचेची बरणी असते, इच्छा असेल ते टाका.

आत काय? शिवणयंत्रं, लोणी काढायच्या रव्या, बर्फ कापायच्या करवती, लग्नाचे झगे, गावच्या हॉकी टीमचे फोटो, दात काढायची खुर्ची (ही जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असते, का ते मला अजून कळलेलं नाही), टाईपरायटर, युद्धात गेलेल्या पोरांच्या टोप्या. प्रत्येक वस्तूखाली छोटी चिठ्ठी: अमुक कुटुंबाकडून भेट. आपल्याकडे आजी गेल्यावर तिची पितळी भांडी, पानाचा डबा, जातं यांचं काय करायचं यावर घरात जी चर्चा होते ना, तीच तिथेही झालेली असते. फेकवत नाही, ठेवायला जागा नाही. मग म्युझियमला देऊन टाकायचं.

पण इतकी म्युझियम्स झाली कशी? याचं एक उत्तर आकड्यांत आहे. १९३१ साली सस्कॅचेवानची लोकसंख्या ९ लाख २१ हजार होती आणि हा कॅनडातला तिसऱ्या क्रमांकाचा प्रांत होता. नव्वद वर्षांत फक्त दोन लाखांची भर. तीही शहरांत. म्हणजे गावं रिकामी होत गेली. ती का, हे समजून घ्यायला तिथला ग्रेन एलेव्हेटर बघावा लागतो.

एलेव्हेटर म्हणजे धान्याचं उंच लाकडी कोठार. रेल्वे रुळाला खेटून उभं, लांबून दिसेल असं, अंगावर गावाचं नाव रंगवलेलं. शेतकरी घोडागाडीतून गहू आणायचा, गाडीसकट वजन व्हायचं, गहू खालच्या खड्ड्यात ओतला जायचा. मग आतला एक पट्टा, त्याला ओळीने वाट्या लावलेल्या, तो गहू उचलून थेट वर न्यायचा आणि वेगवेगळ्या कणग्यांत सोडायचा. आपलं रहाटगाडगं बघा, डिट्टो तेच, फक्त पाण्याऐवजी गहू. घोडागाडीने एका दिवसात जाऊन परत येता यावं म्हणून दर बारा-पंधरा किलोमीटरवर रेल्वे थांबा, आणि प्रत्येक थांब्याला एलेव्हेटर. १९३० च्या दशकात तिन्ही प्रांतांत मिळून असे पाच हजारांहून जास्त होते. त्यातले खूपसे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचे. त्यांना 'व्हीट पूल' म्हणायचे. अल्बर्टात १९२३ ला, बाकी दोन प्रांतांत १९२४ ला त्या उभ्या राहिल्या. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना यायला अजून पाव शतक होतं.

पुढे ट्रक आले, रस्ते झाले. आणि १८९७ पासून गव्हाच्या रेल्वे भाड्याला जी सवलत कुठल्या ना कुठल्या रूपात चालत आली होती, ती सरकारने १९९५ मध्ये पूर्ण बंद केली. रेल्वे कंपन्यांनी आडबाजूचे फाटे उखडले, धान्य कंपन्यांनी लाकडी एलेव्हेटर पाडून महामार्गालगत काँक्रीटचे मोठे उभे केले. एलेव्हेटर गेला की दुकान जातं, दुकान गेलं की शाळा. आज मॅनिटोबात इंग्लिस नावाच्या गावी जुन्या पाच एलेव्हेटरांची रांग राष्ट्रीय वारसा म्हणून जपलीय. अल्बर्टात नॅन्टनला तीन वाचवले. तुम्ही गेलात तर आत शिरून वर बघा. लाकडाला अजून धान्याचा वास येतो.

त्यात १९५५ ला सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रांतांची पन्नाशी, १९६७ ला देशाची शंभरी, १९८० ला पुन्हा प्रांतांची पंचाहत्तरी. दरवेळी गावात कमिट्या झाल्या. कुणी म्युझियम काढलं, कुणी गावचा जाडजूड इतिहासग्रंथ छापला, त्यात प्रत्येक घराण्याला दोन-दोन पानं. गाव संपतंय हे दिसत असताना माणसं ते लिहून काढत होती.

आता जरा मागे जाऊ. आणि गंमत म्हणजे, मागे जाताना वाटेत मुंबई लागते.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. पोर्तुगीज राजकन्येशी लग्न झाल्यावर त्याला मुंबई आंदण मिळाली, हे आपण शाळेत शिकलोय. १६६८ साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. त्याच १६६८ मध्ये 'नॉनसच' नावाचं एक छोटं जहाज फरच्या व्यापाराच्या शोधात इंग्लंडहून हडसनच्या उपसागरात गेलं. ते भरून परत आलं, आणि १६७० मध्ये याच राजाने आपल्या प्रिन्स रूपर्ट नावाच्या आतेभावाला आणि त्याच्या मित्रांना सनद दिली: हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा प्रदेश तुमचा. म्हणजे इकडे तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले त्याच वर्षी, तिकडे आजच्या कॅनडाच्या साधारण एक तृतीयांश भागाची मालकी एका कागदावर लिहिली गेली. राजाने तो प्रदेश पाहिला नव्हता. रूपर्टनेही कधी पाहिला नाही. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं हे वेगळं सांगायला नको. विनिपेगच्या मॅनिटोबा म्युझियममध्ये नॉनसचची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, तिच्यावर चढता येतं. आणि ती हडसन्स बे कंपनी? अलीकडेपर्यंत कपडे आणि भांडीकुंडी विकत होती. २०२५ मध्ये तिची शेवटची दुकानंही बंद झाली.

कंपनीने हा सगळा मुलूख कॅनडाला ३ लाख पौंडांना विकला. व्यवहार १८७० मध्ये पुरा झाला. मग १८७२ चा कायदा आला: दहा डॉलर फी भरा, १६० एकर घ्या. तीन वर्षांत घर बांधा, ठरावीक जमीन नांगरा, वर्षातले सहा महिने तिथे राहा, जमीन तुमच्या नावावर. १६० एकर! आपल्याकडे कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा ५४ एकर आहे, त्याच्या तिप्पट. अविवाहित बाईला मात्र ही सवलत नव्हती. मुलं पदरात असलेली विधवा असेल तर मिळायची. त्यासाठी आधी सगळी प्रेअरी मोजपट्टीने चौकोनांत कापली: एक मैल बाजूचा चौरस, त्याचे चार तुकडे, एकेक १६० एकरांचा. विमानातून बघितलं तर आजही बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं.

या चौकोनांमुळे भांडणही झालं. तिथे मेटी लोक राहत होते, फ्रेंच-स्कॉटिश व्यापारी आणि स्थानिक स्त्रियांच्या वंशातले. त्यांच्या जमिनी नदीपासून मागे जाणाऱ्या लांब अरुंद पट्ट्या होत्या, म्हणजे प्रत्येकाला पाणी. चौकोन त्यात बसेनात. हे आणि इतर अनेक प्रश्न चिघळून १८८५ मध्ये उठाव झाला. तो मोडल्यावर त्यांचा नेता लुई रिएल याला १६ नोव्हेंबर १८८५ रोजी रिजायना इथे फाशी दिलं. बॅटॉशला लढाईची जागा जपलेली आहे. तिथल्या धर्मगुरूंच्या घराच्या भिंतीत गोळ्यांची भोकं अजून तशीच दिसतात.

आणि मग लोक आले. युक्रेनी, जर्मन, स्वीडिश, रशियातून पळालेले दुखोबोर, इंग्लिश, आइसलँडिक. एडमंटनच्या पूर्वेला 'युक्रेनियन कल्चरल हेरिटेज व्हिलेज' आहे. जुनी घरं, चर्च, दुकानं उचलून तिथे आणलीत. तिथली माणसं त्या काळातली पात्रं होऊन वावरतात. मी एका बाईंना विचारलं, इथे नेटवर्क येतं का? त्यांनी पीठ मळता मळता माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी ठरले. तिथे 'बुर्देई' नावाचं पहिल्या वर्षीचं घर आहे: जमिनीत अर्धा खड्डा, वर फांद्यांचं आणि गवताच्या ढेकळांचं छप्पर. वाकून आत जायचं. आत ओल्या मातीचा वास, एक चूल, एक बाज. उणे तीस अंशात सहा माणसं यात. ते बघितल्यावर 'फुकट जमीन' या शब्दांतला 'फुकट' माझ्या तोंडून कधी निघाला नाही.

मूस जॉच्या दक्षिणेला तेरा-चौदा किलोमीटरवर आणखी एक म्युझियम आहे, आणि त्याच्या अंगणात, समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत, एक जहाज उभं आहे. टॉम सुकानेन नावाचा फिनलंडहून आलेला माणूस. अमेरिकेतल्या मिनेसोटातून तो चालत इथे आला असं सांगतात. जमीन घेतली, शेती केली, शेजाऱ्यांना यंत्रं बनवून दिली. १९३० च्या दशकात पाऊस गेला, धुळीची वादळं सुरू झाली. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून लोक मोटारीचं इंजिन काढून तिला घोडे जुंपायचे आणि पंतप्रधान बेनेटच्या नावाने तिला 'बेनेट बगी' म्हणायचे. त्या काळात सुकानेनने एकट्याने पोलादी जहाज बांधायला घेतलं. नदीतून हडसनच्या उपसागरात, तिथून समुद्रमार्गे फिनलंडला, घरी. नदी पंचवीसेक किलोमीटर लांब होती. एक घोडा आणि स्वतः बनवलेलं रहाटासारखं यंत्र यांच्या जोरावर तो जहाजाचे भाग इंच इंच ओढत होता. लोकांनी वेडा ठरवला. शेवटी त्याला नॉर्थ बॅटलफर्डच्या मनोरुग्णालयात नेलं, तिथेच १९४३ मध्ये तो गेला. जहाज कुठेतरी पडून राहिलं. १९७० च्या दशकात ते या म्युझियममध्ये आणून जोडलं, आणि त्यालाही तिथेच, जहाजाशेजारी पुरलं. मला हे जहाज मोठमोठ्या स्मारकांपेक्षा जास्त खरं वाटतं. घरी जायचं होतं इतकंच.

इथपर्यंत सगळं छान. कष्टाळू माणसं, थंडी, धूळ, गहू. पण अशी सात-आठ म्युझियम्स बघून झाल्यावर मी एक सवय लावून घेतली. आत शिरलं की पहिली पाटी शोधायची आणि तिच्यावरचं साल बघायचं.

१८८२. १९०३. १९०६. १९११. "अमुक साली पहिला माणूस इथे आला." पहिला!

आणि त्याच हॉलमध्ये, बहुतेक कोपऱ्यात, एक काचेची चौकट असते. मखमलीवर दगडी बाणांची टोकं चिकटवलेली. कधी फुलाच्या आकारात, कधी सूर्याच्या. खाली चिठ्ठी: अमुक कुटुंबाच्या शेतात नांगरताना सापडली, त्यांच्याकडून भेट. एका ठिकाणी मी किल्ली घेऊन आलेल्या आजोबांना विचारलं, ही किती जुनी आहेत? ते म्हणाले, "माझ्या वडिलांनी गोळा केलीत." त्यांनी टाळाटाळ केली नाही हो, त्यांच्या लेखी तेच उत्तर होतं. देणाऱ्याचं नाव माहीत, बनवणाऱ्याचं सोडा, शतकही माहीत नाही. मग तेच म्हणाले, लहानपणी वाटायचं ती जमिनीतूनच उगवतात, दरवर्षी नांगरलं की नवी येतात.

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे त्यासाठी एका यंत्राकडे बघा. त्याचं नाव बाईंडर. सास्काटूनच्या वेस्टर्न डेव्हलपमेंट म्युझियममध्ये (याच्या चार शाखा आहेत: सास्काटून, मूस जॉ, नॉर्थ बॅटलफर्ड, यॉर्कटन) १९१० सालची अख्खी बाजारपेठ छताखाली उभी केलीय. बँक, दुकान, लोहार, शाळा, स्टेशन. आणि शेतीची यंत्रं तर अशी की वाफेच्या ट्रॅक्टरची चाकं माझ्या डोक्याच्या वर. बाईंडर हे यंत्र पीक कापतं आणि त्याच्या पेंढ्या बांधतं. प्रेअरीत याला इतकं महत्त्व का? कारण तिथे वेळच नसतो. शेवटचा बर्फ आणि शरदातली पहिली गोठवणारी रात्र यांच्यात जेमतेम शंभरेक दिवस. गहू उभा असताना ती रात्र आली की दाणा गेला. म्हणून तर काही दिवस आधी पिकणारा 'मार्क्विस' गहू आल्यावर लोकांनी डोक्यावर घेतला. ज्याच्याकडे यंत्र, त्याचा गहू घरात.

आता याच जमिनीवरची दुसरी माणसं. १८७१ पासून कॅनडाने क्री, साल्तो, ब्लॅकफूट वगैरे फर्स्ट नेशन्सशी ओळीने करार केले. सास्काटूनचा भाग १८७६ च्या सहाव्या करारात येतो. रानरेडे, म्हणजे बायसन, झपाट्याने संपत होते आणि त्यांच्यावरच या लोकांचं सगळं जगणं होतं. १८७९ च्या सुमारास कॅनडाच्या प्रेअरीत कळप दिसेनासे झाले. शेती शिकावी लागणार हे तिथल्या प्रमुखांना कळत होतं, म्हणून करारात त्यांनी नांगर, कुदळी, बैल, बियाणं मागून घेतलं. आणि रिझर्व्हवर, म्हणजे त्यांना नेमून दिलेल्या जमिनींवर, शेती सुरूही झाली. काही ठिकाणी चांगली व्हायला लागली. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन यंत्रं घेतली.

१८८९ मध्ये हेटर रीड नावाच्या सरकारी कमिशनरने धोरण आणलं: यांनी यंत्रं वापरायची नाहीत. मुठीने पेरायचं, विळ्या-कोयत्याने कापायचं, हाताने पेंढ्या बांधायच्या, काठीने झोडपायचं आणि हाताच्या जात्यावर दळायचं. कुटुंबाला छोटासा तुकडा, थोडा गहू, एक-दोन गाई. तर्क असा की हे लोक अजून 'त्या पायरीवर' आलेले नाहीत, आधी युरोपातल्या जुन्या कुणब्यांसारखं जगू देत, मग पुढचं. शेजारचा गोरा शेतकरी बाईंडर चालवतोय, आणि कुंपणाच्या अलीकडे विळ्याने कापणी. बर्फ कुणासाठी थांबत नाही. पीक गेलं. हे धोरण १८९७ पर्यंत चाललं. शिवाय धान्य विकायला सरकारी एजंटचा परवाना लागायचा, आणि १८८५ नंतर रिझर्व्हबाहेर पाऊल टाकायला त्याचीच चिठ्ठी. या चिठ्ठीला कुठल्याही कायद्याचा आधार नव्हता! सारा कार्टर या इतिहासकार बाईंनी हे सगळं सरकारी कागदपत्रांतून शोधून १९९० मध्ये 'लॉस्ट हार्वेस्ट्स' नावाचं पुस्तक लिहिलं. तोपर्यंत सर्वसाधारण समज काय? की त्या लोकांना शेती जमलीच नाही.

गावच्या म्युझियममध्ये तो बाईंडर झगझगीत रंगवून ठेवलेला असतो. पाटीवर कंपनीचं नाव, मॉडेलचं साल, कुणी भेट दिला ते. तो कुणाला वापरू दिला गेला नाही, हे लिहायला पाटीवर जागा भरपूर असते.

मला त्या किल्लीवाल्या आजोबांवर राग काढायचा नाहीये. त्यांच्या आजोबांनी बुर्देईत हिवाळे काढले हे खरंच आहे, आणि बहुतेकांना हे धोरण कधी कुणी सांगितलंही नव्हतं. पण म्युझियम भरलं भेट आलेल्या वस्तूंनी, आणि भेट देणार कोण? ज्याच्याकडे घर होतं, माळा होता, चार पिढ्या वस्तू सांभाळायला जागा होती. ज्यांची मुलंच घरातून उचलून नेली त्यांनी काय आणून द्यायचं? गावच्या म्युझियममध्ये एका खोलीची शाळा हमखास असते: बाकं, घंटा, पाट्या. फोटो काढायला सगळ्यांना आवडतं. त्याच काळात फर्स्ट नेशन्सच्या मुलांना निवासी शाळांत टाकत होते, भाषा बोलली की शिक्षा. देशभरात सुमारे दीड लाख मुलं. सस्कॅचेवानमधली गॉर्डन्सची शाळा बंद झाली १९९६ ला, म्हणजे आपल्या ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या जन्माच्या आसपास.

बदल होतोय, तोही सांगायला हवा. काही ठिकाणी जुन्या पाटीच्या आधी एक नवी पाटी लागलीय: ही सहाव्या कराराची जमीन आहे. कधी ती पाटी नुसतीच पाटी असते, पुढचं सगळं तसंच. पण कॅल्गरीच्या पूर्वेला ब्लॅकफूट क्रॉसिंग आहे, १८७७ चा सातवा करार झाला ती जागा. तिथलं केंद्र २००७ पासून सिक्सिका लोक स्वतः चालवतात आणि स्वतःची गोष्ट स्वतः सांगतात. अल्बर्टाने २००० साली कायदा करून ग्लेनबो म्युझियममधल्या अडीचशेच्या आसपास पवित्र वस्तू ब्लॅकफूट लोकांना परत दिल्या. उसन्या नाहीत, कायमच्या. २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा आपल्याकडे केवढा जल्लोष झाला आठवतंय ना? ती मात्र तीन वर्षांच्या बोलीवर.

कुणी त्या बाजूला शिकायला, नोकरीला गेलात तर पटकन दोन गोष्टी. जून ते ऑगस्टमध्ये जा, आधी फोन करा, आणि गूगल मॅप्सच्या भरवशावर मातीच्या रस्त्यात पाऊस पडताना शिरू नका. तिथला चिखल आपल्या काळ्या मातीचा सख्खा भाऊ आहे. बरणीत पाच-दहा डॉलर टाका, त्यावरच छप्पर शाकारलं जातं. आणि आजी-आजोबांशी बोला, घाई करू नका. पाटीवर नसलेलं बरंच काही त्यांच्याकडे असतं, आणि तुम्ही प्रश्न विचारलेला त्यांना आवडतो.

शेवटचं ठिकाण, माझं सगळ्यात आवडतं. सास्काटूनच्या अगदी बाहेर वानुस्केविन म्हणून जागा आहे, ओढ्याकाठी. क्री भाषेतला शब्द, मनाची शांती शोधणं असा काहीसा अर्थ. इथे माणसांच्या वावराच्या खुणा सहा हजार वर्षांहून जुन्या आहेत. बायसनचे कळप कड्यावरून खाली लोटून शिकार करायच्या जागा, दगडांचं वर्तुळ, तंबूंच्या खुणा. पुरातत्त्वज्ञ अर्नी वॉकर आणि तिथले फर्स्ट नेशन्सचे वडीलधारे यांनी मिळून ही जागा वाचवली, १९९२ मध्ये ती लोकांसाठी उघडली. एक गोष्ट मात्र चाळीस वर्षं शोधूनही इथे मिळाली नव्हती: कोरलेले दगड.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये इथे बायसनचा एक छोटा कळप परत आणून सोडला. दीडशे वर्षांनी. बायसनला धुळीत लोळायची सवय असते, लोळून लोळून ते जमिनीत खळगे पाडतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये वॉकर कळप बघायला गेले होते. अशाच एका खळग्यात त्यांना दगडाचा थोडासा भाग वर आलेला दिसला, त्यावर एक खाच. आधी वाटलं कुठल्यातरी अवजाराने ओरखडा गेला असेल. माती झटकली तर शेजारी आणखी एक समांतर रेघ, आणखी एक. बरगड्या. बायसनच्या बरगड्या, दगडात कोरलेल्या. पुढे असे चार दगड मिळाले, आणि त्यांच्याजवळ कोरणाऱ्याचं दगडी हत्यारसुद्धा, वापरून तिथेच ठेवल्यासारखं.

मी गेले तेव्हा कळप कुंपणापासून लांब होता. त्यातला एक धिप्पाड नर खाली बसला, चारही पाय वर करून लोळला आणि धुळीचा लोट उठला. माझ्या शेजारी एक शाळेतली मुलगी आजीबरोबर उभी होती. आजीने तिला क्रीमध्ये काहीतरी सांगितलं आणि दोघी खो-खो हसल्या. काय ते मला कळलं नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावात असं काचेच्या चौकटीत ठेवलेलं काही असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, आणि त्याखालच्या पाटीवर काय लिहिलंय तेही वाचून दाखवा.